मधले ताट



काशीस जाऊन आलेल्या माणसाने गंगेविषयी बोलावे, विश्वनाथाविषयी बोलावे, फारच झाले तर तेथील कचौडी-जिलबीविषयी आणि थंडीतल्या मलइयोविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. मी मात्र आज मासळीविषयी बोलणार आहे, आणि तीही चिनी पद्धतीने केलेल्या मासळीविषयी. काशी आणि मासळी हे शब्द एका वाक्यात ऐकून ज्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, त्यांनी थोडा वेळ दम धरावा. ही हकीकत सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण तीत मला एका मृत व्यक्तीवरचा आळ दूर करावयाचा आहे. आणि तो आळ गेली पन्नास वर्षे मीच घेत आलो आहे.

गेल्या माघात मी काशीस गेलो होतो. माझे आतेभाऊ अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. “एकदा येऊन जा” असे त्यांनी दोनदा कळविले, म्हणून गेलो. आमच्या आतेचे यजमान वेंगुर्ल्याहून काशीस गेले ते तेथेच राहिले. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्मघाट या बाजूच्या गल्ल्यांतून मराठी कुटुंबांची वस्ती शतकानुशतके आहे. 1674 साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडास आलेले गागाभट्ट हे काशीतल्या अशाच एका मराठी पंडितघराण्यातले. आमचे घराणे अर्थातच त्या तोलाचे नव्हे. आम्ही सारस्वत, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यावर वाढलेले. ताटात मासा नसला तर आज एकादशी आहे काय असे विचारणारे. परंतु काशीवास पत्करल्यावर आतोबांनी मासळी सोडली. घरात सोडली असे म्हणणे अधिक खरे, कारण अण्णा विद्यार्थिदशेपासून बंगाली टोल्यात जाऊन मासे खात आणि परतताना तोंडात पान भरून येत. आत्याला हे कळत नव्हते असे नाही. “आज पानाचा वास फार येतोय हो,” एवढेच ती म्हणे.

यंदा अण्णांच्या नातीने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना सोनारपुऱ्याकडच्या एका लहानशा उपाहारगृहात नेले. सहा टेबले, भिंतीवर ताटलीएवढे घड्याळ, आणि आत भटारखान्यात जाळ एवढा मोठा की कढईखाली भट्टी आहे की होळी, असा प्रश्न पडावा. आचारी नेपाळी, मालक बनारसी, आणि दारावरची पाटी ‘चायनीज’. चिली फिश, आले-लसणीतली कोळंबी, हक्का नूडल्स. हे खाणे चीनमधल्या माणसाने ओळखलेच पाहिजे असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. कलकत्त्याच्या चिनी वस्तीत ते आपल्या मिरच्या-मसाल्यांना भेटले आणि निराळे झाले. मुंबईतही तसेच घडले. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात ‘चिकन मांचुरियन’ केले असे सांगतात. मांचुरियात त्या पदार्थाची ओळख पटविणारा साक्षीदार मिळणे कठीण.

माझे लक्ष मात्र पदार्थांपेक्षा शेजारच्या टेबलाकडे होते. तेथे विद्यापीठाची चार मुले बसली होती. त्यांनी एक ताटली मासळी, एक ताटली भात आणि दोघांत एक असे सूप मागविले, आणि चारही चमचे एकाच ताटलीत जाऊ लागले. कोणी कोणास वाढले नाही, कोणी कोणास विचारले नाही. खिशातले पैसे एकत्र करून मागविलेले खाणे मध्ये ठेवावे आणि सर्वांनी भोवतीने खावे, हे त्यांना इतके सहज होते की त्यात काही घडत आहे याची त्यांना वार्ताही नव्हती. मला मात्र ते पाहून 1972 साल आठवले, आणि त्याच बंगाली टोल्यातली दुसरी एक खानावळ आठवली.

त्या वर्षी मी काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकत होतो. माझा खोलीसोबती कलकत्त्याचा होता. घराण्याने चिनी, हक्का, बोलणे स्वच्छ बंगाली, स्वभाव अबोल. वसतिगृहाच्या भोजनालयात मासळी मिळणे शक्यच नव्हते. तेव्हा पावसाळ्याच्या एखाद्या रविवारी आम्ही चौघे मित्र सायकलींवरून बंगाली टोल्यात जात असू. तेथील खानावळवाल्या वृद्ध बाबूंना या मुलाने काय सांगून वश केले होते कोण जाणे, पण ते त्याला आपल्या चुलीपाशी जाऊ देत. हा सन्मान त्यांच्या जावयालाही मिळत नसावा.

आता, काशीत समुद्राची मासळी कोठून आली, असे कोणी विचारील. ती आपल्या पायांनी येत असे! हिलसा हा मासा राहतो समुद्रात, पण अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो आणि प्रवाहाच्या उलट वर वर चढत जातो. आपल्या किनाऱ्यावर त्याला पाला म्हणतात. बंगालच्या उपसागरातून निघालेला हिलसा काशीवरून प्रयागपर्यंत, आणि कधी कधी यमुनेतून आग्रा-दिल्लीकडेही जाई. माणसे काशीयात्रेला आगगाडीने जात. हा यात्रेकरू शेकडो कोस पोहून येई. पुढे 1975 साली फराक्क्याचा बांध सुरू झाला. कलकत्ता बंदरात साचणारा गाळ वाहून जावा म्हणून गंगेचे पाणी हुगळीकडे वळविणे हा त्याचा उद्देश. पाणी वळले, आणि माशाची वाट मात्र बंद झाली. बांधाच्या वर हिलसा दुर्मिळ होत गेला. अलीकडच्या वर्षांत बराकपूरच्या मात्स्यिकी संशोधन संस्थेने फराक्क्याच्या वरच्या अंगास हिलसा सोडण्याचा प्रयोग चालविला आहे. पण 1972 साली बांध पुरा झालेला नव्हता, आणि श्रावण-भाद्रपदात काशीच्या बाजारात हा चंदेरी मासा मिळत असे.

माझ्या मित्राची पाककृती सांगण्यासारखी आहे. मोठ्या पातेल्यात थोडे पाणी, त्यात विटेचे दोन तुकडे, त्यांवर काशाची ताटली, आणि ताटलीत सबंध मासा. वर आल्याच्या काड्या. झाकण ठेवून वाफ द्यावयाची, तीही घड्याळ लावून. दोन मिनिटे अधिक झाली तर तो स्वतःवर रागावे. मग कांद्याची पात, कलकत्त्याहून बाटलीत आणलेला सोयाबीनचा काळा रस, आणि शेवटी कडकडीत तापविलेले तिळाचे तेल. तेल पडताच जो चर्र आवाज होई तो ऐकून बाबू डोळे मिटून घेत. मोहरीच्या तेलाचा अपमान त्यांना पाहवत नसे. माशाची खवले तो तशीच ठेवी. कारण त्याने पुढे सांगितले. चीनमध्ये यांगत्से नदीत हिलशाचाच एक सख्खा भाऊबंद समुद्रातून चढून येई. त्याची चरबी खवल्यांखाली असते, म्हणून तेथे तो खवल्यांसकट वाफवितात. त्याच्या काट्यांबद्दल जुन्या चिनी रसिकांनी केलेली हळहळही प्रसिद्ध आहे. तोही मासा आता यांगत्सेतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. दोन महानद्या, दोन भाऊबंद मासे, आणि दोघांचेही नशीब सारखेच.

तो मासा टेबलाच्या मध्यभागी येई. आमच्यापुढे भाताच्या वाट्या तेवढ्या वेगळ्या. पहिल्या दिवशी आम्ही तिघे आपापल्या ताटात कोणीतरी वाढील म्हणून वाट पाहत राहिलो. आमचा मित्रही वाट पाहत होता. आम्ही सुरुवात करू म्हणून. अखेर त्याने माशाच्या पोटाजवळचा, सर्वांत मऊ भाग आपल्या चमच्याने काढून माझ्या वाटीत ठेवला आणि म्हणाला, “आता तू.” मग त्या ताटाचे नियम हळूहळू कळत गेले. आपल्या बाजूचे खावे. उत्तम भाग दुसऱ्याकडे सरकवावा. माशाचे तोंड मानाच्या पाहुण्याकडे करून ठेवावे. वरची बाजू संपली तरी मासा उलटा करावयाचा नाही; काटा अलगद उचलून खालचे खावयाचे. मासा उलटला तर होडी उलटते, अशी दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील कोळ्यांची समजूत आहे. मी वेंगुर्ल्याचा, होडीचे नाव काढल्यावर मला अधिक सांगावे लागले नाही.

यातली खरी अडचण होती ती उष्ट्याची. ज्या चमच्याने मी खाल्ले तो पुन्हा त्याच ताटात कसा घालावा? हात पुढे होई आणि थांबे. शिळ्या अन्नाला, खरकट्याला, उष्ट्याला आपल्याकडे निरनिराळी नावे आणि निरनिराळे नियम आहेत. लहानपणी वर्णमालेच्या आधी आपण ते शिकतो. ही गोष्ट परक्यांच्या नजरेस फार पूर्वी आली होती. सातव्या शतकात ह्युएन त्संग काशीस आणि सारनाथास येऊन गेला. या देशातले लोक उरलेले अन्न पुन्हा वाढीत नाहीत, जेवणाची भांडी एकमेकांस देत नाहीत आणि माती-लाकडाचे पात्र वापरून झाल्यावर टाकून देतात, असे त्याने नोंदवून ठेविले आहे. काशीच्या चहाच्या दुकानापुढे फुटक्या कुल्हडांचा ढीग पाहिला की त्या यात्रेकरूची आठवण होते.

यावरून चिनी माणूस मुळापासूनच एका ताटात जेवणारा आणि आपण मुळापासूनच वेगळे जेवणारे, असे कोणी समजू नये. मीही तसेच समजत होतो. पुढे वाचनात आले ते निराळेच. हान काळातील थडग्यांच्या भिंतींवर जेवणाची चित्रे आहेत. त्यांत माणसे जमिनीवर चटईवर बसली आहेत आणि प्रत्येकापुढे आपले आपले छोटे तबक आहे. थेट आपल्या पंगतीसारखे. उंच टेबल आणि खुर्च्या आल्या, माणसे त्यांच्या भोवती बसू लागली, तेव्हा कोठे तांग आणि सोंग राजवटींच्या काळात मध्ये ताट ठेवून जेवण्याची रीत तेथे हळूहळू रुळली. म्हणजे ह्युएन त्संग हाही बहुधा स्वतःच्या तबकातूनच जेवत असावा! तेव्हा हा रक्ताचा गुण नव्हे. ही शिकण्याची गोष्ट आहे.

आपल्याकडेही एका ताटात जेवणे अज्ञात नाही. आई लहान मुलाला आपल्या पानात बसविते. नवरा-बायकोला लग्नात एका ताटात बसवून घास घालावयास लावतात. जिवलगांविषयी आपण ‘एका ताटात जेवणारे’ असेच म्हणतो. पण ते एवढ्यांपुरतेच. 1930 च्या सुमारास रत्नागिरीस आणि अन्यत्र सहभोजने झाली, त्यांनी मोठे काम केले. त्या पंगतींसाठी माणसांनी बहिष्कार सोसले. तरी तेथेही पाने ज्याची त्याची होती. शेजारी बसणे ही एक पायरी झाली. एकाच ताटात चमचा घालणे ही पुढची. आणि ती चढताना माझे पाय किती अडखळले, हे मला चांगले स्मरते.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे सांगितले त्याकडे येतो. 1972 चाच भाद्रपद. गणेशचतुर्थीस आत्याकडे जेवावयास जाण्याचा माझा नेम होता. त्या वर्षी मी या मित्राला बरोबर नेले. बंगाली टोल्यात इतके दिवस त्याच्या ताटात जेवत होतो. आमच्या घरचे मोदक त्याला घालावे असे मला फार वाटत होते. आम्ही गेलो. आरती झाली. माजघरात पाने मांडली होती, रांगोळ्या काढल्या होत्या. आणि त्याचे पान बाहेर ओसरीवर मांडलेले होते. एकट्याचे. भोवती रांगोळी नव्हती.

मी काय केले? मी आत जाऊन बसलो. हे मला सांगितलेच पाहिजे. मी काही बोललो नाही. अळूची भाजी खाल्ली, मोदकावर तूप घेतले, आणि दारातून त्याची पाठ दिसत होती तिकडे पाहण्याचे टाळले. त्याने पान स्वच्छ केले, हात धुतले, आत्याला वाकून नमस्कार केला. सायकलवरून परतताना म्हणाला, “तांदळाच्या पिठाचे असेच काहीतरी माझी आई नव्या वर्षाला करते.” दुसरे काही नाही.

त्याच्या घरच्यांविषयी मला पुष्कळ नंतर समजले. त्याचे काका आसामात माकुमला होते. इंग्रजांनी चहाच्या मळ्यांवर आणलेल्या चिनी कामगारांचे वंशज तेथे पिढ्यान् पिढ्या राहत होते. कित्येकांच्या आया, आज्या आसामच्याच. 1962 च्या नोव्हेंबरात, लढाई चालू असता, त्यांना घरांतून उठवून आगगाडीत बसविण्यात आले आणि राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. देशभरातील मिळून सुमारे तीन हजार माणसे तेथे होती. काहींना 1967 पर्यंत सुटका नव्हती. परतल्यावर अनेकांची घरे, दुकाने लिलावात गेलेली होती. पुढे त्यांतले बरेच लोक कॅनडास गेले. माझ्या मित्राचे कुटुंबही टोरांटोस गेले. 1985 च्या सुमारापर्यंत त्याची पत्रे येत, मग थांबली. त्या गणपतीचा उल्लेख त्याने एकाही पत्रात केला नाही. त्या प्रसंगानंतरच्याच रविवारी आम्ही पुन्हा बंगाली टोल्यात गेलो होतो, तेव्हा त्याने ताटली ठेवताना किंचित फिरविली आणि माशाचे तोंड माझ्याकडे केले, हे मात्र मी विसरलेलो नाही. त्या दिवशीचा मासा मला गिळवला नाही.

ओसरीवरचे ते पान आत्याने मांडविले, असे मी धरून चाललो. सोवळ्याची बाई, जुन्या वळणाची, दुसरे कोण? त्यानंतर मी तिच्याकडे जाणे कमी केले. ती 1988 साली गेली, तेव्हा मी काशीस गेलो नाही. आणि ही गोष्ट मी मित्रमंडळीत, एकदोनदा व्यासपीठावरूनही, तिच्या नावावर सांगितली. ऐकणारे माना हलवीत. मीही त्या ओसरीच्या आतच बसलो होतो, हे मी गोष्टीतून सोयीस्करपणे वगळीत असे.

तर परवाच्या त्या सोनारपुऱ्याच्या उपाहारगृहात आमच्यापुढे ताटल्या आल्या. मासा आंध्रातल्या तळ्यातला, बर्फाच्या पेटीतून आलेला. कोळंबीही अशीच किनाऱ्याकडून गोठवून आणलेली. गंगा तेथून पाच मिनिटांच्या वाटेवर. पण तिच्यातून आता समुद्र वर येत नाही. नातीने ताटल्या मध्ये सरकविल्या. अण्णांनी एका कोऱ्या चमच्याने आपल्यापुरते चार तुकडे आधीच वेगळे काढून घेतले, तेव्हा ती हसली, “आजोबांचं नेहमीचंच.” आम्ही खाऊ लागलो. शेजारच्या मुलांकडे पाहत अण्णांनी एकाएकी विचारले,

“तुझा तो कलकत्त्याचा मित्र कुठं असतो रे आता?”

मी सांगितले, ठाऊक नाही.

“त्या गणपतीत त्याचं पान बाहेर मांडलं होतं.”

“हो.”

“ते आईनं नव्हतं सांगितलं.” अण्णा ताटलीकडे पाहत बोलत होते. “आई म्हणाली होती, पोरगं इतक्या लांबून आलंय, सणाचं आत बसू दे. मी मांडलं बाहेर.”

मी काही विचारले नाही. त्यांनीच पुढे सांगितले. लढाई होऊन दहाच वर्षे झाली होती, गल्लीतले लोक काय म्हणतील ही एक भीती. पण तेवढेच नव्हते. “मी स्वतः बाहेर मासे खाऊन येत होतो ना. घरात मला फार शुद्ध दिसायचं होतं,” अण्णा म्हणाले. “आई त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तू येईनासा झालास तेव्हा मला म्हणायची, त्याला खरं ते कळव. मी नाही कळवलं.”

नात चमचा हातात धरून आमच्याकडे पाहत होती. तिला यातले निम्मेही समजले नसावे. भटारखान्यात कढई आपटल्याचा आवाज झाला, शेजारची मुले बिलाचे पैसे मोजू लागली. आत्याचा चेहरा आठवण्याचा मी प्रयत्न करीत होतो, आणि मला आठवत होते ते तिचे एकच वाक्य, पानाच्या वासाचे.

ताटलीत माशाचा एक तुकडा उरला होता. शेवटचा तुकडा कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न सर्व देशांत सारखाच अवघड असतो. अण्णांनी आपल्याच, खाल्लेल्या चमच्याने त्याचे दोन भाग केले आणि एक माझ्या बाजूला सरकविला. मी तो खाल्ला. मग आम्ही उठलो. रस्त्यावर आल्यावर अण्णा कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेले आणि एक मघई पान लावून घेतले. घरी आता वास घेणारे कोणी नाही, तरी घेतले.